रसूलचाचांनी पाहिलेलं स्थळ

रसूलचाचा स्थळ बघायला गेले की त्या घरचा चहा घेत नसत. पाणी मात्र मागून घेत, तेही माठातलं नाही. विहिरीतून किंवा बोअरमधून त्यांच्या डोळ्यांसमोर काढलेलं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "चहात साखर असती, बाई. साखर तोंडात गेली की माणूस गोड बोलाया लागतो. मला गोड बोलाया कुणी नेत न्हाय."

सई, अन्वय, तुम्ही नातवंडं लहानपणी सुट्टीत इथं आला होतात तेव्हा त्यांना पाहिलं आहे. मेंदीनं लाल केलेली दाढी, पांढरा नेहरू शर्ट, वर काळं जाकीट आणि अंगाला अत्तराचा वास. अन्वय त्यांच्या आवाजाला घाबरून माझ्या मागे लपला होता. आवाज तसा होताच. सारा जन्म विहिरी खोदून घेण्यात गेलेला. खाली तळाशी काम करणाऱ्या माणसांना काठावरून हाका मारून गळा तसाच झाला होता. साधं "जेवलात का" सुद्धा ते शेजारच्या गल्लीला कळेल असं विचारत.

मागच्या आठवड्यात सईनं फोनवर विचारलं, की नोकरी टिकणार आहे की नाही हे आधी ओळखता येतं का. तिच्या कचेरीत पुन्हा काही जणांना घरी पाठवलं आहे. फोन ठेवल्यावर रसूलचाचा आठवले, कारण हे ओळखता येतं असं छातीवर हात ठेवून सांगणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला. त्यांची गोष्ट क्रमानं सांगते.

आमच्याकडे शेतकरी घरात मुलीचं लग्न ठरवायचं तर आधी मुलाचं रान बघायला जातात. जमीन किती, पाणी कुठलं, बांधावर झाडं कसली, हे मुलीकडची वडीलधारी माणसं शिवारात हिंडून बघतात. आमच्या धाराशिवच्या गल्लीतली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं या कामाला रसूलचाचांना बरोबर नेत. मराठा, माळी, लिंगायत, मुसलमान, कुणीही असो. एक तर तालुक्यातल्या निम्म्या विहिरी त्यांनी खोदलेल्या, त्यामुळे कुठल्या शिवारात किती खाली खडक आहे हे त्यांना ठाऊक. दुसरं कारण मला आमचे समोरचे शेजारी सुधाकर माने यांनी सांगितलं होतं. नात्यातला माणूस नेला की त्याचा कुठं ना कुठं लागाबांधा निघतो. कुणाला मेहुणीची मुलगी द्यायची असते, कुणाचं जुनं वैर असतं. चाचा सोयऱ्याधायऱ्यांतले नाहीत, म्हणून त्यांचा शब्द सरळ.

त्यांची पद्धत ठरलेली होती. उभ्या पिकाकडे ते बघतही नसत. "वरचं हिरवं भाड्यानं बी मिळतं," हे त्यांचं वाक्य. रानात मध्यभागी जाऊन बुटाची टाच जमिनीवर जोरात मारायची, मान तिरकी करून ऐकायचं, दोन पावलं सरकून पुन्हा मारायची. मग पाणी प्यायचं. मग मुलाशी बोलायचं, ते मात्र अगदी थोडं. परत येईपर्यंत गाडीत कुणी काही विचारलं तर खिडकीबाहेर बघत राहायचं. मुलीच्या घरी पोचलं, की उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून निकाल द्यायचा: "रान हाय," किंवा "रान न्हाय." एवढंच. त्यावर वाद घालायची सोय नव्हती. या ऐटीची गल्लीत चेष्टा होई, पण मागं.

सोनारीकडच्या एका स्थळाची हकिगत त्यांच्याच तोंडून पुष्कळांनी ऐकली होती. मुलाकडच्यांनी डोलणारा ऊस दाखवला, ठिबक दाखवलं, मोटारीचा आवाज ऐकवला. चाचांनी टाच मारली, पाणी प्यायले, आणि नवरदेवाला म्हणाले, ऊन फार झालंय, जरा त्या कोपऱ्याकडं पाणी वळव बघू. पोरगा तरातरा निघाला आणि चढाकडे गेला. स्वतःच्या रानात पाणी कुणीकडून कुणीकडं वाहतं हे त्याला माहीत नव्हतं. रान चुलत्याचं होतं. चाचांनी वाच्यता केली नाही. पाहुण्यांना राम राम घातला, मुलीच्या दारात येऊन "रान न्हाय" म्हटलं आणि घरी जाऊन झोपले. त्यांच्या सख्ख्या भाच्यासाठी तामलवाडीच्या एका घरातली मुलगी बघत होते तेव्हाही मुलीच्या बापानं चाचांनाच विचारलं, आणि चाचांनी भाच्याच्या रानाला "न्हाय" म्हटलं. बहीण दोन ईदा त्यांच्या घरी आली नाही.

अशा माणसाचं काम जेव्हा कमी होऊ लागलं तेव्हा ते त्यांना जड गेलं. मुलींच्या बापांनी रानाचं विचारणंच सोडलं. मुलगा पुण्यात आहे का, कंपनीत आहे का, कॉम्प्युटरवर आहे का, हे प्रश्न आले. जमीन असली तर उत्तम, पण ती बघायला जायची कुणाला गरज वाटेना. एक उन्हाळा चाचांनी नुसता आमच्या ओट्यावर बसून काढला. येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारत. कुणाची मुलगी पुण्याच्या मुलाला दिली असं कळलं की विचारत, "जावई कुठं पेरतो म्हणं? काचंवर?"

धाराशिव हे नाव सगळ्या पाट्यांवर आलं त्याच सुमाराची गोष्ट. सुधाकररावांच्या मनीषाला परंड्याकडचं स्थळ सांगून आलं. सुधाकररावांचं खत-बियाण्यांचं दुकान आमच्या अगदी समोर; मनीषा माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत असे. कॉम्प्युटरमध्ये बी. एस्सी. झालेली, शांत, पण बोलली की मोजकं आणि टोकदार बोलणारी. मुलगा नीलेश, पुण्यात मोठ्या कंपनीत. प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायचं त्याचं काम. सुधाकरराव चाचांकडे गेले आणि म्हणाले, चाचा, नोकरी बघायला चला.

गल्ली हसली. चाचा हसले नाहीत. रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी मला येऊन सांगितलं, "नोकरी बी एक रानच हाय, बाई. बघता येतं. तुमी चला, तिथं कुणी इंग्रजी बोललं तर." मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुण्याला जायचंच होतं. मी गेले.

ती कंपनीची इमारत मला अजून दिसते. निळी काच, दारात कारंजं, बाहेर बसगाड्यांची रांग. आत जायला अर्थातच मनाई होती. चाचांनी फाटकासमोरच्या फरशीवर टाच मारली. मान तिरकी केली. फाटकावरचा वॉचमन बघतच राहिला, त्यानं विचारलं, "काय शोधताय, चाचा?" त्या बोलण्यावरून चाचांनी गाव ओळखलं. तो तेरखेड्याचा निघाला. आधी तिथं फटाक्याच्या कारखान्यात होता. आई रोज रडायची म्हणून ते सोडून इथं आला होता. त्यानं चहा मागवला. चाचांनी नको म्हटलं आणि केबिनमधल्या जारचं पाणी प्यायले, डोळे मिटून, विहिरीचं प्यावं तसं.

मग आम्ही समोरच्या झाडाखाली बसलो, संध्याकाळी माणसं सुटेपर्यंत. सुधाकरराव कंटाळून गाडीत झोपले. चाचा नजर हलवत नव्हते. फाटक उघडलं आणि पोरं-पोरी बाहेर यायला लागल्या, गळ्यात ओळखपत्रं, पाठीला पिशव्या, लोटच्या लोट. चाचा शेवटचा माणूस जाईपर्यंत बघत राहिले. मग मला म्हणाले, "एक बी म्हातारा न्हाय, बघितलं का? सगळी तरणी. नवं तोडलेलं रान हाय हे. नव्या रानात ताकद असती."

मलाही ते पटलं. नीलेश येऊन भेटला; सावळा, नम्र मुलगा. चाचांनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या: किती वर्षं झाली, आणि वरचा साहेब बोलतो कसा. मनीषाच्या दारात येऊन उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "रान हाय." सुपारी फुटली. लग्नात चाचा पहिल्या पंगतीला बसले, आणि पुढं वर्षभर पुण्याचं स्थळ आलं की माणसं पुन्हा त्यांच्या दारात येऊ लागली.

मनीषाच्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं तेव्हा एका दुपारी सुधाकरराव दुकानाचं शटर अर्धं ओढून थेट चाचांच्या दारात गेले. चाचांचं दार आमच्या ओट्यावरून दिसतं; मी तिथंच बसले होते. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यानंच मला भीती वाटली. नीलेशची नोकरी गेली होती. आत्ता नव्हे, कित्येक महिने झाले होते. चुका शोधायचं काम आता यंत्र करत होतं, आणि यंत्राकडे लक्ष ठेवायला दोन-तीन माणसं पुरत होती. नीलेशनं घरी काही सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचा, ओळखपत्र गळ्यात घालून, आणि रोजच्या वेळेला परत यायचा. मनीषाला कुणा ओळखीच्या बाईकडून कळलं, तिनं आईला सांगितलं, आईनं सुधाकररावांना.

"तुम्ही बघितलं होतं, चाचा," सुधाकरराव म्हणाले.

चाचा दारातून बाहेर आले.

"मी पोरीला आणायला चाललोय. काडीमोड घेतो. माझ्या मेहुण्यानं दुसरं स्थळ सुद्धा सांगितलंय, सरकारी आहे. तुम्ही बरोबर यायचं आणि सोयऱ्यांसमोर सांगायचं, की माझी चूक झाली, हे स्थळ द्यायला नको होतं. मग कुणी आम्हाला बोल लावणार नाही."

ही मागणी रीतीला धरून होती. ज्याच्या शब्दावर सोयरीक झाली त्याच्याच शब्दावर ती मोडली, तर मुलीच्या बापाकडे बोट दाखवता येत नाही. चाचांनी जाकीट चढवलं. सुधाकररावांनी मलाही चला म्हटलं; मनीषा तुमचं ऐकते, म्हणाले. तिनं काय ऐकावं अशी त्यांची अपेक्षा होती ते त्यांनी सांगितलं नाही.

पुण्यात शिरताना चाचांनी गाडी आधी कंपनीकडे घ्यायला लावली. सुधाकरराव चिडले, पण ड्रायव्हरनं वळवली. इमारत तशीच होती. कारंजं चालू होतं. वॉचमनच्या केबिनचं दार बंद, आत कुणी नाही. फाटकापाशी एक खांब उभा केला होता. माणूस समोर आला की खांबावरची काच त्याचं तोंड बघायची आणि आडवा दांडा आपोआप वर जायचा. चाचा त्या खांबासमोर जाऊन उभे राहिले. दांडा हलला नाही. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, विचारावं असं कुणी दिसेना. तेवढ्यात सुट्टी झाली असावी, माणसं बाहेर यायला लागली. आधीपेक्षा पुष्कळ कमी, आणि तेव्हासारखीच सगळी तरुण.

"म्हातारा न्हाय," चाचा हळू म्हणाले. मी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला. "इथं कुणी म्हातारं होईस्तवर ठेवीतच न्हाईत, बाई. आन म्या म्हणलं, नवं रान."

तिथून मनीषाच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, चौथा मजला. नीलेशनं दार उघडलं, खाली वाकून पाया पडायला लागला तर सुधाकररावांनी पाय मागं घेतले. तो तसाच भिंतीला लागून उभा राहिला. त्याचे आईवडील परंड्याहून आले होते आणि चटईवर अंग चोरून बसले होते. मनीषा आतल्या खोलीच्या दारात होती, कानावर फोन ऐकायचे ते काळे गोल अडकवलेले. ते तिनं काढून गळ्यात घेतले.

सुधाकरराव बसले नाहीत. मनीषाला म्हणाले, कपडे भर. मग चाचांकडे वळून म्हणाले, "बोला."

सगळे चाचांकडे बघत होते. नीलेशच्या आईनं पदर तोंडाला लावला होता. एका वाक्यात दोन घरं मोडणार होती, आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. चाचा चुकले होते. नाही म्हणावं तर ते खोटं, हो म्हणावं तर मनीषा गाडीत.

चाचांनी नीलेशला विचारलं, "रोज जायचास कुठं?"

"फाटकासमोर," तो म्हणाला. "झाडाखाली. आणखी चार-पाच जण असायचो. मोबाईलवर अर्ज करायचो. दुसरीकडं कुठं जावं ते सुचायचं नाही, चाचा."

सुधाकरराव हसले; ते हसणं ऐकवत नव्हतं. "बघा. झाडाखाली बसणाऱ्याला दिली पोरगी."

चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि मनीषाकडे वळले. इतक्या वर्षांत त्यांनी किती स्थळं पाहिली असतील, पण मुलीला काही विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. विचारायची रीतच नव्हती. "तू काय करतीस गं पोरी, ते कानाला लावून?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीचं मलाही माहीत नव्हतं. मनीषानं सांगितलं, ती आता नोकरी करत होती, घरी बसूनच. फोनवर मराठीत उत्तरं देणारं एक यंत्र आहे. आपल्याकडची माणसं त्याच्याशी बोलली की त्याला कळत नाही. लई, न्हाय, व्हय ऐकलं की ते गोंधळतं. मनीषा ते बोलणं ऐकून यंत्राला समजावते. तीन महिन्यांचा करार, पुढं वाढला तर वाढला.

"आणि त्याला समदं समजलं की?" चाचांनी विचारलं.

"की माझं काम संपलं," मनीषा म्हणाली.

सुधाकरराव म्हणाले, झालं तर मग, दोघंही रस्त्यावर. मनीषानं त्यांच्याकडं न बघता चाचांनाच सांगितलं, "नोकरी गेल्याचा मला राग नाही, चाचा. माझीही जाईल. हा माझ्याशी रोज खोटं बोलला, डबा घेऊन जायचा आणि संध्याकाळी कामाच्या गोष्टी रचून सांगायचा, त्याचा राग आहे. लई राग आहे. पण तो माझा आहे. मी इथं राहून त्याच्यावर काढीन. पप्पांनी तो गाडीत घालून न्यायचा नाही."

नीलेशनं मान वर केली नाही.

चाचा सुधाकररावांना म्हणाले, "म्या चुकलो. ती काच बघून म्या 'रान हाय' म्हणलं, तिथं रान नव्हतं. हे म्या परंड्यात, धाराशिवात, कुठं बी सांगीन. पण पोरीला ऊठ म्हणण्याएवढं म्या काय बघितलेलंच न्हाय. ते ती बघतीया. तिचं ऐक."

"तुमचं काय जातंय?" सुधाकरराव म्हणाले. इतका वेळ दाबलेला आवाज आता फुटला. "तुमच्यातली असती तर कळलं असतं. आमच्यातलं तुम्हाला काय कळणार?"

ज्या कारणासाठी या माणसाला सगळी गावं मानानं गाडीत बसवून नेत होती, तेच कारण शिवी होऊन त्याच्या तोंडावर आलं होतं. नीलेशच्या वडिलांनी "असं नका बोलू" म्हटलं, पण इतक्या हळू की कुणाला ऐकू जावं अशी त्यांची इच्छा नसावी. मी सुधाकररावांना नावानं हाक मारली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

चाचांचा चेहरा उतरला, दाढीवरून एकदा हात फिरला. मग ते म्हणाले, "व्हय. म्या तुमच्यातला न्हाय. म्हणूनच आणलंवतंस, सुधाकरा."

मनीषा आली नाही. जिन्यात सुधाकररावांनी वर तोंड करून तिला सांगितलं, की आता माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. ते तिला ऐकू गेलं असणारच. परतीच्या वाटेवर, सोलापूर मागं पडल्यावर तामलवाडीच्या फाट्याला चाचांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. तिथं त्यांच्या भावाचं शेत आहे. उतरताना त्यांनी मला "सांभाळून जावा" म्हटलं. सुधाकरराव समोर बघत राहिले.

त्यानंतर चाचा स्थळ बघायला गेले नाहीत. बोलवायला माणसं येत. ते म्हणत, पोरीला घेऊन जा, तिला दाखवा, म्या कशाला. काहींना तो थट्टेचा भाग वाटला, काहींना म्हाताऱ्याची अक्कल गेली असं वाटलं. सुधाकरराव त्यांच्याशी बोलेनात. मनीषाशीही नाही. मनीषाची आई दुपारी माझ्याकडे येऊन माझ्या फोनवरून लेकीशी बोलायची आणि डोळे पुसून जायची. घरात मुलीचं नाव काढायची सोय नव्हती. असं वर्ष काढलं तर बाप-लेक पुन्हा कधी बोलणार नाहीत, हे मला दिसत होतं; आमच्या या भागात अशी घरं मी पाहिलेली आहेत.

मग एक दिवस दुपारी चाचा घरातून निघून बरोबर सुधाकररावांच्या दुकानासमोर उभे राहिले. रस्त्याच्या अलीकडे, दुकानाच्या पायरीवर नाही. हातात मोबाईल. त्याचा स्पीकर लावलेला. मनीषा बोलत होती. चाचा आपल्या विहिरीवरच्या आवाजात विचारत होते, करार वाढला का, नीलेशचं काय झालं. मनीषा सांगत होती की करार वाढलाय, नीलेश एका दुकानात हिशेबाची मशिनं दुरुस्त करायला जातो, पगार कमी आहे, आणि दोघांचं भांडण अजून संपलेलं नाही. शेवटी चाचांनी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, जेवले. चाचांनी फोन बंद केला, जाकीट ओढून नीट केलं आणि घरी गेले. सुधाकरराव बियाण्यांच्या पिशव्या रचत होते, पाठ रस्त्याकडे.

हे दर काही दिवसांनी व्हायला लागलं. गल्लीतल्या पोरांना ती गंमत झाली. चाचांना ऐकू कमी येतं, असं म्हणू लागले. त्यांना चांगलं ऐकू येत होतं. एकदा सुधाकरराव दुकानातून ओरडले, "चाचा, इथं धंदा चाललाय." चाचा म्हणाले, "रस्ता नगरपालिकेचा हाय," आणि फोनवर मनीषाला विचारलं, "काय गं, खोकला गेला का?" खोकला गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मनीषाच्या आईनं पुण्याला जाणाऱ्या कुणाबरोबर काढ्याची बाटली पाठवली, आणि सुधाकरराव घरात असताना पाठवली.

चाचा गेल्या वर्षी वारले, तामलवाडीत, भावाच्या घरी. मी मातीला जाऊ शकले नाही. गुडघ्यांनी दगा दिला. म्हणून मला त्यांचं जे शेवटचं रूप आठवतं ते आमच्या गल्लीतलं आहे.

ऊन कलत होतं. चाचा नेहमीच्या जागी उभे होते, पण त्या दिवशी मनीषाचा आवाज वेगळा होता. तिचं काम संपलं होतं. यंत्राला सगळं समजायला लागलं होतं. ती रडत नव्हती, पण बोलता बोलता मध्ये थांबत होती. समोर दुकानात पंखा फिरत होता. सुधाकररावांनी हात वर करून बटण बंद केलं, आणि तसेच उभे राहिले.

चाचांनी रस्ता ओलांडला. मनीषा बोलतच होती. त्यांनी दुकानाची पायरी चढून फोन काउंटरवर ठेवला, अगदी हलकेच, तोंड सुधाकररावांकडे करून, आणि परत वळले. माझ्या ओट्याशी येऊन बसले. दुकानाकडे बघितलं नाही. हात मोकळे झाले होते ते मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मला म्हणाले, "बाई, चहा ठेवा." मी उठले नाही. फोनमधून मनीषा विचारत होती, "चाचा? आहात का?" बऱ्याच वेळानं दुकानातून सुधाकररावांचा आवाज आला, "मी आहे."

"आता ठेवा," चाचा म्हणाले.